रासायनिक कारखाने आणि घातपात

भोपाळच्या वायुकांडासंबंधीचा एक महत्त्वाचा निर्णय भोपाळमध्ये झाला नाही. तो तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर, जबलपुरात झाला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्याला आले. याच न्यायालयात ४ एप्रिल १९८८ रोजी न्यायमूर्ती एस. के. सेठ यांनी असा आदेश दिला की, युनियन कार्बाइड कंपनीने वायुपीडितांसाठी अंतरिम भरपाई म्हणून २५० कोटी रुपये भरावेत. त्यापूर्वी, १७ डिसेंबर १९८७ रोजी, भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी ३५० कोटींचा आदेश दिला होता व त्याविरुद्ध कंपनीने उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. जबलपुरात रक्कम १०० कोटींनी घटली, परंतु आदेशाचा पाया अधिक भक्कम झाला. जिल्हा न्यायालयाने न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आधार घेतला होता. न्यायमूर्ती सेठ यांनी थेट कंपनीच्या दायित्वाचाच आधार घेतला.

हे दायित्व कंपनीला मान्य नव्हते, आणि न मानण्याचे जे कारण तिने पुढे केले तेच प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. कंपनीचे म्हणणे असे होते की, हा अपघात नव्हेच. हा घातपात होता.

या म्हणण्याची सविस्तर मांडणी मे १९८८ मध्ये लंडन येथील एका परिषदेत आर्थर डी. लिटल या अमेरिकन सल्लागार संस्थेतर्फे अशोक कालेलकर यांनी केली. कार्बाइडनेच या संस्थेला तपासासाठी नेमले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तिच्या निष्कर्षानुसार, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका असंतुष्ट कामगाराने मिथिल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीवरील दाबमापक काढला, तेथे पाण्याची रबरी नळी जोडली आणि पाणी सोडले. टाकीतील माल नासवावा, एवढाच त्याचा हेतू असावा. पुढे काय होईल याची त्याला कल्पना नसावी. याउलट कामगारांचे व अनेक अभ्यासकांचे मत असे की, त्या संध्याकाळी नळ धुण्याचे काम चालू होते, नळ बंद करणारी चकती बसविण्यात आली नव्हती, झडपा गळक्या होत्या आणि धुण्याचे पाणीच हळूहळू टाकीपर्यंत पोहोचले. घातपाताच्या आरोपावरून कोणावरही कधी खटला उभा राहिला नाही. पुढे फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यामुळे त्या आरोपाची साक्षीपुराव्यानिशी तपासणीही झाली नाही.

आपण क्षणभर कंपनीचेच म्हणणे खरे धरून चालू. तिने वर्णन केलेल्या त्या माणसाजवळ काय होते? बॉम्ब नव्हता, बंदूक नव्हती. पाण्याचा नळ, रबरी नळी आणि कोणाचे लक्ष नसलेली काही मिनिटे, एवढेच. आणि त्याच्या समोर काय होते? एकाच टाकीत सुमारे ४० टन असा द्रव, जो ३९ अंश सेल्सियसला उकळतो आणि पाण्याचा संपर्क होताच तापू लागतो. तो थंड ठेवणारी शीतक यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. निसटलेला वायू धुऊन निकामी करणारे धावनयंत्र चालू अवस्थेत नव्हते. शेष वायू जाळून टाकणाऱ्या ज्वालास्तंभाच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाळीवरील कामगारांची संख्या निम्म्यावर आणलेली होती. म्हणजे घातपात करणाऱ्याला जे अडथळे ओलांडावे लागले असते, ते सारे व्यवस्थापनाने आधीच दूर करून ठेवले होते. ज्या कारखान्यात एक रागावलेला माणूस एका नळीच्या साह्याने हजारो माणसांचा बळी घेऊ शकतो, त्या कारखान्याने घातपाताची सबब सांगणे म्हणजे स्वतःविरुद्धच साक्ष देणे होय.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. अनुवादकाला ‘घातपात’ हा शब्द नेहमीच अडचणीचा वाटतो. मराठीत तो खुनाच्या संशयासाठीही वापरतात आणि रेल्वेचे रूळ उखडण्यासाठीही. परंतु या विषयापुरती ही अडचण उपकारक ठरली. ‘अपघात’ आणि ‘घातपात’ या दोन्ही शब्दांत घात एकच आहे. फरक आहे तो केवळ त्यामागे हेतू होता की नव्हता, याचा. टाकीला हेतू कळत नाही. पाणी चुकून आत गेले काय किंवा मुद्दाम सोडले काय, तिच्यात होणारी अभिक्रिया तीच. संरक्षणाचा विचार करणाऱ्या अभियंत्याने म्हणूनच या दोन शब्दांतील भेदापेक्षा त्यांच्यातील साम्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

कायद्याला मात्र हेतूचा विचार करावाच लागतो, आणि येथे एक जुना खटला आठवण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असे तत्त्व प्रस्थापित झाले की, जो आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू आणून साठवितो, त्याच्याकडून ती निसटली तर नुकसानीस तोच जबाबदार. या नियमाला पुढे अपवाद जोडले गेले. त्यांपैकी एक अपवाद १९१३ साली मेलबर्न शहरातील एका इमारतीच्या खटल्यात दृढ झाला. कोणीतरी चौथ्या मजल्यावरील हात धुण्याच्या कुंडीत वस्तू कोंबून तिचे तोंड बंद केले व नळ पूर्ण सोडून ठेवला. रात्रभर पाणी वाहून खालच्या मजल्यावरील भाडेकरूच्या मालाची नासाडी झाली. हे कृत्य त्रयस्थाचे व दुष्ट बुद्धीचे, म्हणून मालक जबाबदार नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने दिला. एक उघडा नळ आणि एक अज्ञात हात! कार्बाइडच्या युक्तिवादाचे मूळ नेमके येथे आहे.

मेलबर्नच्या कुंडीत पाणी होते, आणि नासाडी मालाची झाली. हा फरक भारतीय न्यायालयाच्या नजरेतून सुटला नाही. भोपाळला एक वर्ष पूर्ण होते न होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम या तीव्र आम्लाची वाफ निसटली. त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, स्वभावतःच धोकादायक असा उद्योग चालविणाऱ्याचे दायित्व निरपवाद आहे. जुन्या इंग्रजी नियमाचे अपवाद त्याला लागू नाहीत. त्या अपवादांत त्रयस्थाचे कृत्यही आले. न्यायमूर्ती सेठ यांनी जबलपुरात आधार घेतला तो या तत्त्वाचा. पुढे काहींनी हे तत्त्व केवळ प्रासंगिक भाष्य असल्याचे म्हटले, परंतु १९९६ साली राजस्थानातील बिछडी गावच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उचलून धरले.

कायदा भरपाई मिळवून देतो. नळी जोडणारा हात तो थांबवू शकत नाही. तो कसा थांबवावा?

सर्वसामान्य माणसाच्या मनात प्रथम येते ती भिंत, तिच्यावरील काटेरी तार आणि फाटकावरील पहारेकरी. आपल्या देशातील या व्यवस्थेचा इतिहासही एका संशयास्पद आगीपासून सुरू होतो. रांची येथील हेवी इंजिनियरिंग कॉर्पोरेशनमध्ये १९६४ साली मोठी आग लागली. न्यायमूर्ती बी. मुखर्जी यांच्या आयोगाने त्या आगीची चौकशी केली, आणि त्यातूनच सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांसाठी स्वतंत्र सुरक्षा दल असावे ही कल्पना पुढे आली. १९६८ साली कायदा झाला व १० मार्च १९६९ रोजी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बल उभे राहिले. २००९ पासून खाजगी उद्योगांनाही खर्च देऊन हे दल मागविता येते.

परंतु भिंत कशासाठी असते, याविषयी एक गैरसमज आहे. भिंत कोणालाही कायमची अडवीत नाही. ती वेळ मिळवून देते. संरक्षणाचा सारा हिशेब तीन गोष्टींवर उभा असतो: आगंतुकाची चाहूल केव्हा लागते, त्याला किती वेळ रोखून धरता येते आणि मदत किती वेळात पोहोचते. समजा, कुंपण ओलांडून टाकीपर्यंत जाण्यास चार मिनिटे लागतात आणि पहारेकरी सहाव्या मिनिटाला पोहोचतो; तर ती भिंत आणखी दोन हात उंच केल्याने काहीच साधत नाही. चाहूल आधी लागली पाहिजे किंवा पहारेकऱ्याची चौकी जवळ आणली पाहिजे. म्हणूनच जाणकार व्यवस्थापक सर्व आवाराला सारखेच संरक्षण देण्याचा हव्यास धरीत नाही. विषारी पदार्थांचा साठा, वीजपुरवठा, नियंत्रणकक्ष अशी मोजकी मर्मस्थाने तो निवडतो, आणि एका वर्तुळात दुसरे वर्तुळ अशी त्यांच्याभोवती राखण उभी करतो.

ही सारी वर्तुळे निरुपयोगी ठरतात ती आतल्या माणसापुढे. त्याच्यासाठी फाटक रोज उघडते. याचे एक ठळक उदाहरण जबलपुरातच घडले, जरी ते रसायनांचे नसून शस्त्रांचे आहे. येथील केंद्रीय आयुध भांडार सैन्याच्या ताब्यात. पहारा, नोंदवह्या, तपासणी सर्व काही तेथे होते. तरीही २०१८ साली उघडकीस आले की, तेथून ए.के. ४७ रायफली बाहेर काढून बिहारातील मुंगेर येथे विकल्या जात होत्या. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत भांडारातील नोकरी केलेली माणसे होती. भिंत कोणी फोडली नव्हती. फ्रान्समध्ये २६ जून २०१५ रोजी सेंत-काँतें-फालाव्हिये या गावातील औद्योगिक वायूंच्या कारखान्यावर हल्ला झाला, तेव्हाही हल्लेखोर नेहमी माल पोहोचविणारा चालक होता. आपल्याच मालकाचा खून करून त्याने आपले वाहन वायूच्या नळकांड्यांच्या साठ्यावर नेऊन आदळले. त्याच्याजवळ प्रवेशाचा परवाना होता.

आतल्या माणसाविरुद्ध उपाय नाहीत असे नाही, पण ते पहारेकऱ्याच्या हातातले नसतात. नाजूक झडपेचे काम एकट्याने न करता दोघांनी करावे. नोकरी सुटलेल्याची किल्ली व ओळखपत्र त्याच दिवशी परत घ्यावे. रात्रपाळीवर पर्यवेक्षक असावा. भोपाळमध्ये खर्चकपातीत रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाची जागाच रद्द झाली होती. कामगारांच्या असंतोषाला सुरक्षेच्या हिशेबात कोणी धरीत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ज्याची तक्रार ऐकून घेतली जाते त्या माणसाची राखण करावी लागत नाही. उलट, कारखान्याची राखण तोच करतो. यंत्राजवळ अनोळखी हात दिसला तर प्रथम तोच हटकतो.

अलीकडे तर हल्लेखोराला फाटकाशी येण्याचीही गरज राहिलेली नाही. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात संगणकाद्वारे घुसखोरी झाली. लक्ष्य होते संकटकाळी कारखाना आपोआप बंद करणारी सुरक्षायंत्रणा. घुसखोरांच्या आज्ञावलीत दोष असल्याने यंत्रणेने कारखानाच बंद केला व अनर्थ टळला. चौकशीत आढळले की, नियंत्रकावरील एक साधी किल्ली, जी ‘चालू’ या स्थितीत असावयास हवी होती, ती ‘बदल करा’ या स्थितीत सोडून दिलेली होती. ती योग्य स्थितीत असती तर दूरवरून केलेला हा उपद्व्याप फार कठीण झाला असता. भोपाळमधील बंद शीतक यंत्रणेची आणि या विसरलेल्या किल्लीची जातकुळी एकच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दारूगोळ्याच्या व्यवसायाने एक गोष्ट रासायनिक उद्योगाच्या कितीतरी आधी ओळखली होती, आणि ती जबलपूरच्या रहिवाशाला सांगावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना या शहराचा भाग आहे. अशा कारखान्यांची रचना इतर कारखान्यांसारखी दाटीवाटीची नसते. लहान लहान इमारती एकमेकींपासून दूर ठेवलेल्या असतात, मध्ये मातीचे बांध असतात, आणि प्रत्येक इमारतीत किती स्फोटक व किती माणसे असावीत याची मर्यादा ठरलेली असते. स्फोट कधीतरी होणार, हे येथे गृहीतच धरलेले असते. तो शेजारच्या इमारतीपर्यंत पोहोचू नये, एवढीच योजना केलेली असते. खमरियात मार्च २०१७ मध्ये मोठी आग व स्फोट झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या स्फोटात माणसे दगावली. पण शहर उद्ध्वस्त झाले नाही. ठिणगी चुकून पडली की कोणी टाकली, याच्याशी मातीच्या बांधाला कर्तव्य नसते.

हाच विचार इंग्लंडमधील सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी रासायनिक उद्योगात आणला. १ जून १९७४ रोजी फ्लिक्सबरो येथील स्फोटात २८ माणसे मृत्युमुखी पडल्यावर त्यांनी उद्योगाला उद्देशून सांगितले की, धोकादायक पदार्थाला आवर घालण्याच्या युक्त्या शोधण्यापूर्वी तो पदार्थ एवढ्या प्रमाणात जवळ बाळगावाच का, हे विचारा. भोपाळनंतर डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दिलेल्या अहवालातही मोठ्या टाक्यांतून दीर्घकाळ केलेल्या अनावश्यक साठ्यावर ठपका ठेवला आहे. मिथिल आयसोसायनेट ही कारखान्याने विकावयाची वस्तू नव्हती. कीटकनाशक बनविण्याच्या मार्गावरील ती एक पायरी होती. ती तयार होताच पुढच्या पात्रात वापरून टाकता येते. ड्यू पाँ कंपनीने अमेरिकेत पुढे तसे करून दाखविले. अशा कारखान्यात नळी घेऊन शिरलेल्या माणसाला पाणी सोडण्यासाठी टाकीच सापडणार नाही.

याहूनही बोलके उदाहरण वॉशिंग्टन शहराच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राचे आहे. तेथे क्लोरीन वायू रेल्वेच्या वाघिणींतून येत असे आणि त्या वाघिणी आवारात उभ्या असत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही आठवड्यांतच त्या हलविण्यात आल्या आणि क्लोरीन वायूऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरण्यास सुरुवात झाली. पहारा वाढविण्याऐवजी लक्ष्यच नाहीसे करण्यात आले. ही भीती काल्पनिक नव्हती, हे पुढे २००७ साली इराकमध्ये दिसून आले. तेथे क्लोरीनच्या टाक्या बॉम्बांबरोबर वापरल्या गेल्या. आपल्याकडे क्लोरीनची नळकांडी किती बेफिकिरीने पडून असतात, ते १४ जुलै २०१० रोजी मुंबईकरांनी अनुभवले. शिवडीजवळ हाजी बंदरावर बेवारस पडलेल्या जुन्या नळकांड्यांतून वायू गळला आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे शत्रू कोणीच नव्हता.

साठा कमी करण्याची वाट सर्वत्र सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. हायपोक्लोराइटचे द्रावण सौम्य असते, म्हणून ते अधिक प्रमाणात आणावे लागते व टिकतही नाही. कारखान्यातील साठा निम्मा केला आणि त्यासाठी रस्त्यावरील टँकरच्या खेपा दुप्पट झाल्या, तर धोका नाहीसा न होता भिंतीआडून महामार्गावर येतो, आणि महामार्गावरील टँकरला कुंपण नसते. म्हणून प्रत्येक पदार्थाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पण तो मांडलाच जात नाही, ही खरी तक्रार आहे. पहाऱ्यावरील खर्च ताळेबंदात दिसतो; न ठेवलेल्या साठ्याची बचत कोणाला दिसत नाही.

घातपाताच्या भीतीचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला सर्वांत चिंताजनक वाटतो. तो परिणाम म्हणजे गुप्तता. शत्रूला कळू नये म्हणून शेजाऱ्यालाही सांगायचे नाही, अशी वृत्ती बळावते. भोपाळच्या कारखान्यात काय साठविले आहे, हे भिंतीपलीकडील वस्त्यांना ठाऊक नव्हते. त्या रात्री लोकांना सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला. ओले फडके तोंडावर धरावे, एवढी साधी सूचना कोणी दिली असती तरी कित्येक जीव वाचले असते. या अनुभवानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून धोक्याची व बचावाच्या उपायांची माहिती परिसरातील लोकांना देणे बंधनकारक करण्यात आले. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतील व बाहेरील आपत्कालीन योजनाही अनिवार्य केल्या.

माहिती आणि गुप्तता यांचा झगडा पुढे नेमका कार्बाइडच्या जुन्या घरातच रंगला. अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट या गावी कार्बाइडचा जो कारखाना होता, तो भोपाळच्या कारखान्याचे मूळ होय. कालांतराने तो बायर कंपनीकडे आला. तेथे मिथिल आयसोसायनेटचा साठा भोपाळनंतरही चालू राहिला. २८ ऑगस्ट २००८ रोजी तेथे स्फोट होऊन दोन कामगार मरण पावले. स्फोटस्थळापासून सुमारे २५ मीटरवर त्याच विषाची टाकी होती. तिच्याभोवती स्फोटरोधक आच्छादन होते व ती वाचली. काय जळत आहे, हे त्या रात्री मदतपथकांना वेळेवर कळविले गेले नाही. पुढे चौकशी मंडळाने माहिती मागितली, तेव्हा कंपनीने घातपातापासून बंदरांचे रक्षण करण्यासाठी केलेल्या कायद्याकडे बोट दाखवून ती जाहीर करण्यास हरकत घेतली. हा कारखाना नदीकाठी होता, एवढाच त्या कायद्याशी त्याचा संबंध. २००९ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या प्रमुखाने मान्य केले की, या हरकतीमागे या विषाविषयी जाहीर चर्चा टाळण्याचाही उद्देश होता.

चर्चा टळली नाही. गावातील रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०११ साली कंपनीने मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन पुन्हा सुरू न करण्याचे जाहीर केले.